कारणे पाठ करणारी पिढी

आपल्या मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न इतक्या नेमाने येतो की, तो नसेल तर प्रश्नपत्रिकाच अपुरी वाटावी. तो प्रश्न म्हणजे ‘कारणे द्या.’ भूगोलात तो असतो, इतिहासात असतो, विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असे अधिक भारदस्त रूप घेऊन येतो, आणि भाषेच्या पुस्तकात धड्याखालच्या स्वाध्यायातही त्याची जागा ठरलेलीच. एखाद्या परक्या मनुष्याने नुसत्या या प्रश्नपत्रिका पाहिल्या, तर महाराष्ट्रातील बालके कार्यकारणभावाच्या चिंतनात अहोरात्र बुडालेली असतात, असाच त्याचा ग्रह व्हावयाचा. परंतु त्याच मनुष्याने उत्तरपत्रिकाही पाहाव्यात. एका वर्गातील चाळीस मुलांनी एका प्रश्नास दिलेली चाळीस कारणे शब्दशः, स्वल्पविरामासकट, एकच आढळतील. चाळीस डोकी स्वतंत्रपणे विचार करून एकाच वाक्यावर येऊन ठेपली, असे मानण्याइतके भोळे आपल्यात कोणी नाही. ते वाक्य फळ्यावर लिहिले गेले किंवा बाजारातल्या मार्गदर्शकात छापले गेले, आणि मुलांनी ते घोकले. जेथे मुलाने विचार करावा अशी अपेक्षा, नेमका तोच प्रश्न आपण पाठांतराच्या हवाली केला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पाठ केलेले कारण हे कारणच नव्हे; आणि जे मूल वाचताना कारण शोधीत नाही, ते खऱ्या अर्थाने वाचतच नाही.

याचे सर्वांत विलक्षण उदाहरण जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभीच्या सुप्रसिद्ध वचनाचे आहे. १८८३ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथात जोतीरावांनी अविद्येपासून निघून मती, नीती, गती आणि वित्त अशा पायऱ्यांनी शूद्रांच्या हलाखीपर्यंत पोहोचणारी कारणांची साखळी गुंफली. इतक्या थोड्या शब्दांत इतकी लांब कारणमालिका मराठीत क्वचितच कोणी मांडली असेल. आज ती शाळांच्या भिंतींवर रंगविलेली दिसते, सभांतून ऐकू येते, मुलांना तर तोंडपाठ असते. पण नीती गेल्याने गती का जावी, आणि गती गेल्याने वित्त का जावे, या दोन सांध्यांविषयी त्या मुलांना कोणी कधी विचारले आहे काय? ज्या पुरुषाने कारणे शोधावयास शिकविले, त्याचीच कारणे आपण पाढ्यांसारखी म्हणावयास लावली!

मूल ‘वाचते’ म्हणजे काय करते, याविषयी आपल्या समजुतीतच मुळी घोटाळा आहे. अक्षरास ध्वनी जोडावा, शब्द न अडखळता उच्चारावा आणि पूर्णविरामापाशी थांबावे, एवढे साधले की आपण मुलाची पाठ थोपटतो. २००५ सालापासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. मुलाला अक्षर वाचता येते की शब्द, छोटा परिच्छेद वाचता येतो की दुसरीच्या पातळीची गोष्ट, हे ती घरोघर जाऊन पाहते. शाळेत जाणारे मूल वाचावयास शिकलेच असेल हा देशाचा भ्रम त्या पाहणीने दूर केला, हे तिचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु मापाचा उपयोग करणाऱ्यांनी मापालाच ध्येय मानले. २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. समजून वाचणे हे तर त्या अभियानाच्या नावातच गोवलेले आहे, आणि तिसरीच्या मुलाने मिनिटास किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. या वाक्यातले ‘६०’ घड्याळ लावून मोजता येतात. ‘समजून’ मोजावयास मात्र मुलाशी बोलावे लागते. जे मोजता येते ते उरते आणि जे मोजण्यास कठीण ते गळून पडते, हा सर्व कचेऱ्यांचा नियम येथेही लागू झाला, तर नवल ते काय?

उच्चारापलीकडचे वाचन कशाचे बनलेले असते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. अमेरिकेत टॉम ट्रबासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले की, गोष्टीतील ज्या घटना इतर घटनांशी कार्यकारणसंबंधाने अधिक ठिकाणी जोडलेल्या असतात, त्याच वाचकाच्या स्मरणात अधिक राहतात आणि त्याच त्याला महत्त्वाच्या वाटतात. ज्यांना असा सांधा नसतो, त्या विस्मृतीत जातात. म्हणजे कारण शोधणे हा वाचनानंतर करावयाचा स्वाध्याय नसून वाचनाचाच कणा होय. कणा काढून घेतल्यावर उरते ते शब्दांचे गाठोडे; ते मूल परीक्षेपर्यंत डोक्यावर वाहते आणि परीक्षेच्या दाराशी टाकून देते.

येथे कोणी म्हणेल की, लहान मुलांस कारण आणि कार्य यांतला भेदच कळत नाही, मग त्यांना हे शिकविणार कसे? या आक्षेपास आधार आहे, पण तो अर्धा आहे. जिनीव्हाचे ज्याँ पियाजे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांना ‘कारण’ या शब्दापाशी तुटलेली वाक्ये पुरी करावयास दिल्याचे प्रयोग आहेत. सहासात वर्षांची मुले कारणाच्या जागी परिणाम घालीत. मनुष्य सायकलवरून पडला, कारण त्याचा हात मोडला, अशा धर्तीची उत्तरे येत. यावरून मुलांस कार्यकारणभाव कळत नाही असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु १९७९ साली मेरी बुलक आणि रॉशेल गेलमन यांनी शब्दांऐवजी खेळण्यासारख्या साधनांनी प्रयोग केला, तेव्हा शाळेत जाण्याच्या वयापूर्वीची मुलेदेखील कारण कार्याच्या आधीच असावयास हवे हे ओळखतात, असे दिसून आले. मग चुकते ते कोठे? मुलाच्या बुद्धीत नव्हे. बुद्धीतला संबंध भाषेत ओळखण्यात आणि भाषेत मांडण्यात. आणि भाषेत ओळखणे हे शिकविण्याचेच काम आहे. ते आपोआप होईल म्हणून सोडून देणे म्हणजे पोहणे आपोआप येईल म्हणून मुलास विहिरीत ढकलणे होय.

मराठीपुरते बोलावयाचे तर हे काम सोपे नाही, आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे नाही. आपली भाषा कारण अनेक वेषांत लपविते. ‘पाय घसरून तो पडला’ आणि ‘जेवून तो झोपला’ या दोन्ही वाक्यांत ‘ऊन’ हा एकच प्रत्यय. परंतु पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात केवळ क्रम. ‘पाऊस पडला म्हणून पूर आला’ यातला ‘म्हणून’ परिणाम सांगतो. ‘पाऊस पडावा म्हणून नवस केला’ यातला हेतू सांगतो. आणि ‘पाऊस पडेल म्हणून तो सांगत होता’ यातला केवळ दुसऱ्याचे बोलणे पोहोचवितो. ‘चाकूने कापले’ यात ‘ने’ साधन दाखवितो, तर ‘उन्हाने पीक वाळले’ यात तोच कारण दाखवितो. आणि सर्वांत अवघड म्हणजे जेथे कोणताच शब्द नसतो: ‘विहीर आटली. बायका मैलभर लांबून पाणी आणू लागल्या.’ या दोन वाक्यांमधल्या पूर्णविरामात सारे कारण दडलेले आहे. ते मुलाने स्वतःच्या मनाने भरावयाचे असते. आमच्या व्याकरणाच्या तासाला ‘ने’ ही तृतीयेची विभक्ती आहे एवढे मुलास सांगितले जाते. ती या वाक्यात काय करते आहे, हे विचारले जात नाही.

ही सारी चर्चा शिक्षणशास्त्राच्या वर्गापुरतीच असती, तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु कारण न शोधणाऱ्या वाचनाची किंमत काय पडते, हे पाहावयाचे असेल तर मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८९४ होत्या; २०११ च्या जनगणनेत त्या ८०७ आढळल्या, आणि हा आकडा त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत खालचा होता. याविषयी आपण काय वाचले? ‘मुलींचे प्रमाण घटले.’ घटणे हे अकर्मक क्रियापद आहे. त्यास कर्ता लागतो, पण करणारा लागत नाही. जणू ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात घटावे तशा मुली आपोआप घटल्या! ज्या मुलाला ‘घटले’ हे वाचताच ‘घटले की घटविले?’ असा प्रश्न सुचतो, त्यानेच ते वाक्य वाचले. बाकीच्यांनी नुसते उच्चारले. गर्भातच मुलगी ओळखून तिला नाहीसे करणारे हात, त्यांना पैसे देणारे हात आणि हुंड्याचा हिशेब मांडणारे हात, हे सारे त्या एका अकर्मक क्रियापदाच्या पदराआड उभे राहतात.

पाण्याचेही असेच. केज तालुक्यात धनेगाव येथे असलेले मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ‘धरण आटले’, ‘पाणी संपले’. संपले की संपविले? पाऊस कमी झाला हे खरेच. परंतु त्याच खोऱ्यात उसासारखे अतिशय तहानलेले पीक कोणी, किती आणि कोणाच्या प्रोत्साहनाने लावले, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही. मुलाला तो वाक्याबाहेर जाऊन विचारावयास शिकवावे लागते.

आता या जिल्ह्याच्या सर्वांत ठळक गोष्टीकडे येऊ. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराच्या नावाने होते. हे लोक का जातात? कोणत्याही विद्यार्थ्यास विचारा, उत्तर तयार आहे: ‘दुष्काळामुळे.’ या उत्तरास परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. परंतु आपल्या न्यायशास्त्राने कारण पारखण्याची एक कसोटी फार पूर्वीच सांगून ठेविली आहे. तिला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तेथे कार्य असते, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसते, हा व्यतिरेक. दुष्काळ हेच एकमेव कारण असेल, तर पाऊस बरा झालेल्या वर्षी टोळ्या गावातच राहावयास हव्यात. त्या राहत नाहीत. त्या वर्षीही ट्रक आणि ट्रॅक्टर भरून जातातच. म्हणजे कारण अपुरे आहे. मग पुढे शोधावे लागते: मुकादमाकडून घेतलेली आणि हंगामापूर्वीच खर्चून गेलेली ‘उचल’, खरिपानंतर गावात नसलेले काम, वाटण्या होऊन तुकडा झालेली कोरडवाहू जमीन, आणि स्वस्त मजुरीवर उभा राहिलेला कारखान्यांचा हिशेब. ‘दुष्काळामुळे’ हा एक शब्द या सर्वांना सुटका देतो. दोष आकाशावर गेला की जमिनीवरचे सगळे निर्दोष ठरतात!

ज्या मुलांच्या आईबापांविषयी हे उत्तर लिहिले जाते, ती मुलेही याच वर्गात बसतात. हंगामात कोणी हंगामी वसतिगृहात राहते, कोणी आजीपाशी, कोणी फडावर जाऊन शाळेला अंतरते. स्वतःच्या घराच्या कुलपाचे कारणदेखील त्यांना पाठ करून लिहावे लागते, याहून मोठी विटंबना कोणती?

आणि हे कोठवर जाते तेही सांगणे भाग आहे. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली. ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ अशी भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. हे वाक्य पाहा. ‘जर’ आणि ‘तर’ यांनी बांधलेले हे पक्के कार्यकारणाचे वाक्य आहे. ‘कशावरून?’ एवढा एकच शब्द त्याचा बांध फोडावयास पुरे होता. पण ज्यांना शाळेने पाठ केलेली कारणे दिली, किंवा शाळाच दिली नाही, त्यांच्या ओठांवर तो शब्द कोठून यावा? दोष त्या स्त्रियांचा नव्हे. उलट, ही बातमी वाचून ‘अडाणीपणामुळे’ असे एका शब्दात कारण सांगून मोकळे झालेल्या आम्हां सुशिक्षितांचे वाचन काय लायकीचे आहे, ते येथे उघडे पडले. खाड्याचा दंड, फडावर न्हाणीघराचा अभाव, दुखणे अंगावर काढण्याची सक्ती, नफेखोर वैद्यकी, ही सारी कारणे त्याच बातम्यांत छापलेली होती. आम्ही ती वाचली नाहीत. नुसते त्यांवरून डोळे फिरविले.

यावर दोन आक्षेप नेहमीचे आहेत. पहिला असा की, ‘का?’ विचारावयास शिकविलेली मुले उद्धट होतात. हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्याच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस जावे. तेथे मुकुंदराजांची समाधी दाखवितात. शके १११० मध्ये रचला गेल्याचे मानले जाते तो त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एकाची घडण शंका विचारणाऱ्या शिष्यावर उभी आहे. तेव्हा शंका विचारणे आपल्या परंपरेस सोडून आहे, असे निदान मराठी मनुष्याने तरी म्हणू नये. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: शिक्षकांस वेळ नाही. एका शिक्षकाकडे दोनतीन इयत्ता, त्यातच माहिती भरण्याचे तक्ते आणि ऑनलाइन नोंदी. ही अडचण खरी आहे, आणि ती दूर करणे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु आम्ही मागतो ते नवे पुस्तक नव्हे, नवा तासही नव्हे. आहे त्याच धड्यापाशी थोडे अधिक थांबावे, एवढेच मागणे आहे.

उदाहरण घेऊ. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले, हे एक वाक्य चौथी-पाचवीच्या वर्गात वाचावयास द्यावे. ‘केंद्र का बंद पडले?’ असे विचारल्यास मूल वाक्यातूनच ‘पाण्याअभावी’ हा शब्द उचलून देईल. आपली परीक्षा येथेच समाधान पावते. परंतु गुरुजींनी पुढे विचारावे: हे केंद्र तर कोळशावर चालते, मग पाणी नसल्याने त्याचे काय अडले? आता वर्गात शांतता पसरेल, आणि ती शांतता मोलाची आहे. कोणी चुलीवरच्या पातेल्यावरचे झाकण उडते ते सांगेल. त्यावरून वाफेपर्यंत, वाफेवरून फिरणाऱ्या चक्रापर्यंत, आणि ती वाफ पुन्हा थंड करावयास लागणाऱ्या पाण्यापर्यंत वर्ग पोहोचेल. वाक्यात नसलेली कडी मुलांनी स्वतः घडविली. मग शेवटी व्यतिरेकाचा प्रश्न: ‘धरण भरलेले असते आणि कोळसा नसता, तर?’ हे सारे पंधरा मिनिटांचे काम आहे. ज्या वर्गात आठवड्यातून दोनदा अशी पंधरा मिनिटे मिळतील, तेथील मुलास ‘कावळा बसला आणि फांदी मोडली’ या म्हणीचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. कावळ्यावर आळ घेण्यापूर्वी ते फांदी किडलेली होती काय, हे पाहील.

परीक्षेविषयीही एकच मागणी आहे. ‘कारणे द्या’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील धड्यावर विचारणे बंद करावे आणि तो केवळ न वाचलेल्या उताऱ्यावर विचारावा. उत्तर उताऱ्यातल्या शब्दांत तयार सापडता कामा नये. आणि दोन मुलांनी दोन वेगळी कारणे दिली व दोन्ही उताऱ्यातून सिद्ध होत असली, तर दोघांसही गुण मिळावेत. एवढे केले की मार्गदर्शकांचा निम्मा बाजार त्याच दिवशी उठेल.

परंतु तो बाजार मांडला कोणी? तो शिक्षकांनी मांडला नाही आणि शासनानेही नाही. तो आपण, शहाण्यासुरत्या पांढरपेशा घरांनी, मांडला. जूनमध्ये पाठ्यपुस्तकाच्या आधी मार्गदर्शक घरात येते ते आपल्या पैशाने. मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या कारणास अर्धा गुण कमी पडला, तर शाळेत तक्रार घेऊन जातो ते आपण. आणि जेवणाच्या पाटावर मुलाने सलग तीनदा ‘का?’ विचारले की ‘पुरे आता, जेव मुकाट्याने’ म्हणतो तेही आपणच. बीडच्या फडावरच्या मुलास कारण शोधण्याची संधी मिळत नाही. आपल्या मुलास ती मिळत असून आपण ती विकत घेतलेल्या उत्तराखाली गाडतो. उद्या हीच मुले अधिकारी होतील, वैद्य होतील, वर्तमानपत्रे लिहितील. आणि एखाद्या जिल्ह्यात काही ‘घटले’, ‘आटले’ किंवा ‘संपले’ म्हणजे एका शब्दात कारण लिहून स्वाक्षरी करतील. त्या शब्दाखाली कोण चिरडले, हे त्यांना दिसणार नाही, कारण ते पाहावयाची सवय आपणच त्यांना लागू दिली नाही. तेव्हा मुलाचे प्रगतिपुस्तक हाती घेऊन त्यास किती गुण मिळाले हे विचारण्यापूर्वी, त्याने या महिन्यात ‘कशावरून?’ हा शब्द किती वेळा उच्चारला, याची चौकशी प्रत्येक घराने करावी.